प्रोटोटाइपसाठी परवडणारी तांत्रिक मदत कशी मिळवावी

यंत्राची कल्पना घेऊन त्याचा पहिला नमुना (प्रोटोटाइप) करून घ्यायला एखाद्या डिझाइन कंपनीत गेलं की लाखांतलं कोटेशन हातात पडतं. त्यात लबाडी असतेच असं नाही. आपण ‘असं असं यंत्र बनवून द्या’ एवढंच सांगितलेलं असतं, मग जे काही ठरलेलं नाही त्याचेही पैसे ते धरून चालतात. त्यामुळे अख्खं यंत्र कुणाच्याही गळ्यात घालू नका. त्याचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला लागेल तेवढीच मदत विकत घ्या.

उदाहरणादाखल हाताने ढकलायचं लसूण टोकणी यंत्र घेऊ.

१. एका पानावर मागणी लिहा. आकड्यांतच लिहा: दोन पाकळ्यांत १० सेंटिमीटर, दोन ओळींत १५, वजन एका माणसाला उचलता येईल एवढं, विक्रीची किंमत अमुक. मग कशाची खात्री नाही तिथे खूण करा. सांगाडा, दांडा, चाक कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल. अडतं ते एका जागी: बी सोडणारी चकती प्रत्येक खाचेत एकच पाकळी उचलेल का? लसणाच्या पाकळ्या काही एका मापाच्या नसतात. पैसा आणि डोकं इथे खर्च करायचं.

२. त्या प्रश्नाचं कच्चं उत्तर स्वतः काढा. प्लायवूडची चकती कापून घ्या, पत्र्याच्या डब्यात बसवा, हाताने फिरवा. शंभर खाचांत किती रिकाम्या गेल्या, कितींत दोन पाकळ्या आल्या ते मोजा. खाचेचा आकार बदला, पुन्हा मोजा. इतपत कामाला इंजिनिअर लागत नाही, आणि ही मोजणी वहीत असली की पुढचा माणूस तुम्हाला हौशी समजून वाटेला लावत नाही.

३. चारचौघांत दाखवण्याआधी पेटंटसाठी अर्ज करा. अर्जाआधी जाहीर झालेली गोष्ट पेटंटसाठी सहसा नवी धरली जात नाही. कायद्यात काही सवलती आहेत, पण त्यांच्या भरवशावर कृषी प्रदर्शनात यंत्र मांडू नका की यूट्यूबवर टाकू नका. आधी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर असंच काही आहे का ते शोधा; हा शोध मोफत आहे. मग प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक अर्ज भरा. एका व्यक्तीसाठी ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे (एजंटची फी वेगळी), आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

४. आता माणसं शोधा. इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करावाच लागतो आणि चांगले विषय मुलांना हवेच असतात. विभागातल्या प्रोजेक्ट समन्वयकाला वर्ष सुरू होतानाच भेटा. फेब्रुवारीत गेलात तर मुलं रिपोर्ट छापण्याच्या घाईत असतील. त्यांना पूर्ण यंत्र देऊ नका, चकतीचा प्रश्न द्या: ड्रॉइंग, हिशोब, चाचण्या. मुलांकडून प्रत्यक्ष घडण करून घेण्याचा आग्रह मला पटत नाही. ती बरेचदा शेवटी बाहेरच्या वर्कशॉपलाच काम देतात, मग तुम्हीच तिथे का जाऊ नये?

भोसरी, सातपूर, वाळूज, कोल्हापूरचं उद्यमनगर इथे जॉबवर्क करणारे छोटे शेड आहेत. जिथे मालक स्वतः लेथवर उभा असतो तो शेड निवडा. महिनाअखेरीला जाऊ नका, डिस्पॅचच्या धावपळीत तुमचा एक नग त्यांना नकोसा होतो. ड्रॉइंग दाखवून भाव विचारण्याआधी विचारा, ‘हे सोपं करायला काय बदलू?’ या प्रश्नाने जेवढे पैसे वाचतात तेवढे घासाघीस करून वाचत नाहीत. तो सांगेल की शाफ्ट १९ मिलिमीटरचा कशाला, २०चा करा, त्याला बसणारं यूसीपी २०४ बेअरिंग कुठेही तयार मिळतं. सगळा पत्रा एकाच जाडीचा घ्या, लेझर कटिंग एका शीटमध्ये उरकेल. गरज नाही तिथे बारीक टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहू नका. गोपनीयतेच्या करारावर मात्र तो सही करेलच असं नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे चकती एकाकडे, सांगाडा दुसऱ्याकडे द्यायचा आणि जोडणी घरी करायची.

थ्रीडी प्रिंट आकार तपासायला उत्तम. पण पीएलए, म्हणजे या प्रिंटसाठी नेहमी वापरलं जाणारं प्लास्टिक, साधारण ६० अंशांना मऊ पडतं. उन्हात उभ्या टेम्पोत त्याची चकती वाकडी होऊ शकते. स्वतः हात घालून शिकायचं असेल तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात फॅब लॅब, म्हणजे वस्तू घडवून बघायची कार्यशाळा आहे. साचे, डाय असं अचूक काम असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये चौकशी करा.

५. कागद पक्के करा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या: ड्रॉइंगनंतर, सुट्या भागांनंतर, चाचणीनंतर. नुसती पीडीएफ घेऊ नका. ड्रॉइंगच्या स्टेप आणि डीएक्सएफ फाइल्स (ज्या दुसऱ्या वर्कशॉपच्या संगणकात थेट उघडतात) ताब्यात घ्या, म्हणजे उद्या दुसऱ्या वर्कशॉपला जाता येतं. एखाद्या विद्यार्थ्याने नवी युक्ती सुचवली तर तोही शोधक ठरू शकतो. म्हणून हक्क तुमच्याकडे राहतील की वाटून घ्यायचे हे कामाआधीच लेखी ठरवा, कॉलेजचे नियमही बघा. पेटंटच्या हक्काचं हस्तांतरण तोंडी चालत नाही.

६. अनुदान यानंतर. केंद्राच्या निधी-प्रयास योजनेत प्रोटोटाइपसाठी १० लाखांपर्यंत मदत मिळते. ती इनक्युबेटरांमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या संस्थांमार्फत दिली जाते. पुण्यातलं व्हेंचर सेंटर त्यांपैकी एक. तांत्रिक शिक्षण नसलेल्या शेतकऱ्याने किंवा कारागिराने गांधीनगरच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनकडे लिहावं, ती संस्था अशाच लोकांसाठी आहे. अर्जासोबत चकतीच्या मोजणीचा तक्ता आणि वर्कशॉपची कोटेशनं जोडा.