विथस्टँड वापरताना या चुका टाळा

डिक्शनरीत विथस्टँड बघितलं की प्रतिकार करणे आणि सहन करणे असे दोन अर्थ देऊन ठेवले असतात, आणि घोळ इथूनच सुरू होतो, कारण पोरं मग बिनधास्त लिहितात, 'आय कान्ट विथस्टँड माय नेबर'. अरे बाप्पा, शेजारी म्हणजे काय वादळ आहे का! माणूस डोक्यात जाऊन राहिला असेल तर नुसतं 'कान्ट स्टँड' लिहा, झालं काम. विथस्टँड म्हणजे तग धरणे. वारा, दाब, ऊन, हल्ला, काहीतरी जोर लावून राहिलं आणि समोरचं मोडलं नाही की हटलं नाही, तर हा शब्द.

नागपूरकरांना उदाहरण शोधावं लागत नाही. 23 मे 2013 ला इथं पारा 47.9 वर गेला होता (2024 च्या मेमध्ये 56 दाखवलं ते सेन्सरची गडबड निघाली, ते सोडा). अशा उन्हात गच्चीवरची पाण्याची टाकी तडकली नाही तर 'द टँक विथस्टूड द हीट'. विथस्टूड बरं का, विथस्टँडेड नाही, अंडरस्टँडचं जसं अंडरस्टूड होते तसंच हे.

आता रेझिस्टसोबतची गल्लत, सगळ्यात जास्त लोकं इथंच फसतात. रेझिस्ट म्हणजे विरोध केला, पुढे काय झालं ते त्यात येत नाही, विथस्टँडमध्ये मात्र टिकला हे आलंच. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांच्या लहानशा फौजेवर आप्पासाहेब भोसल्यांच्या सैन्यानं हल्ला केला आणि ती फौज टिकली, म्हणून 'दे विथस्टूड द अटॅक' बरोबर. टेकडी हातची गेली असती तर फार तर 'दे रेझिस्टेड' म्हणता आलं असतं. अजून एक, 'आय कुडन्ट रेझिस्ट ईटिंग तर्री पोहा' चालते, तिथं विथस्टँड टाकलं की वाक्य गेलं, कारण विथस्टँडनंतर आयएनजीवालं क्रियापद येत नाही, नाम येते.

आणि ते 'विथस्टँड अगेन्स्ट', 'विथस्टँड टू' काढून टाका राजेहो. आपण मराठीत हल्ल्याला तोंड देतो, उन्हापुढे टिकतो, म्हणून इंग्रजीतही मध्ये काहीतरी जोडायची सवय लागली आहे. पण यातल्या विथचा जुना अर्थच विरुद्ध असा आहे, विथड्रॉ आणि विथहोल्डमधला विथ पण त्याच घराण्यातला, त्यामुळे अगेन्स्ट आतच बसलेला आहे, तुम्ही दुसऱ्यांदा कशाला घालता? सरळ 'विथस्टँड प्रेशर'.

स्पेलिंगमध्ये विथहोल्डला दोन एच लागतात, याला एकच.

कोर्टाच्या कागदात नॉटविथस्टँडिंग दिसलं तर त्याचा अर्थ 'टिकला नाही' असा लावू नका, ते 'असं असलं तरीही' आहे.