गाडीचा टायर बदलायचाय? आधी टायरची साईड वाचा, मंग भाव विचारा

लातूर असो, परभणी असो का बीड, टायरच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, कोणती गाडी? तुम्ही म्हणता शाईन, तो आतून एक टायर आणून पुढ्यात टाकतो, भाव सांगतो, आणि थोड्या वेळात जुना निघून नवा बसलेला पण असतो. ह्या सगळ्यात टायरवर काय लिहिलंय ते कोणीच वाचत नाही. मला मनापासून वाटतं की एमआरएफ घ्यावा का सीएट यावर अर्धा तास चर्चा करण्यापेक्षा टायरच्या साईडवरचे आकडे दोन मिनिटं वाचावेत, कारण चुकीचा टायर कोणत्याही कंपनीचा घेतला तरी चुकीचाच राहतो.

स्प्लेंडर प्लसचा मागचा टायर घ्या, हाताने धूळ पुसा, तिथं लिहिलेलं असतं 80/100-18 एम/सी 54पी. 80 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमधे. 100 म्हणजे उंची रुंदीच्या किती टक्के, म्हणजे इथं उंची पण 80 मिमीच. 18 म्हणजे रिम किती इंची. एम/सी म्हणजे मोटरसायकलचा टायर. इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं, पण पुढचं 54पी कोणी बघत नाही आणि खरी गोम तिथंच आहे. 54 हा लोडचा नंबर, त्याचा अर्थ हा टायर बरोबर हवेवर 212 किलोपर्यंत वजन उचलू शकतो. पी म्हणजे स्पीड, ताशी 150 किमीपर्यंत. (एल असेल तर 120, जे असेल तर 100, एस 180, एच 210.)

आता याच गाडीचा पुढचा टायर बघा. साईझ तीच, 80/100-18, पण नंबर 47पी. 47 म्हणजे 175 किलो. म्हणजे साईझ सेम पण टायर सेम नाही! आणि आपल्याकडं नेमकं काय होतं की "दोन्हीकडं एकच साईझ आहे ना, मंग काय फरक पडतोय" म्हणून पुढचा टायर मागं टाकून देतात, किंवा मागचा घासला की पुढचा काढून मागं लावतात आणि नवा पुढं. आता हिशोब करा, स्प्लेंडर साधारण 112 किलोची, वर दोन माणसं 65-65 किलोची, आणि मधे डीएपी खताची 50 किलोची गोणी, झाले 292. याचे दोन तृतीयांश जरी मागच्या चाकावर धरले तरी 195 च्या आसपास जातं, म्हणजे 175 वाला टायर तिथंच संपला. एवढं वजन गाडीवर टाकूच नये हे खरं, कंपनी पण तसंच सांगते, पण खत-बियाणाच्या दिवसात मोंढ्यातून गावाकडं जाणाऱ्या गाड्या बघितल्या की कळतं लोकं काय काय न्यायलेत. वजन जास्त झालं की टायर जास्त दबतो, दबला की गरम होतो, आणि मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा 43-44 वर असताना डांबर आधीच तापलेलं असतं, मंग साईडला फुगा येतो नाहीतर आतले धागे सुटतात. म्हणून दुकानदाराला स्पष्ट सांगा, मागचा पाहिजे, 54 वाला दाखवा. तुमच्या गाडीला कोणता नंबर लागतो ते मॅन्युअलमधे असतं, किंवा कंपनीतून आलेला टायर अजून चाकावर असेल तर त्यावरच वाचा आणि मोबाईलमधे फोटो काढून दुकानात न्या. जुन्या गाड्यांवर 2.75-18, 3.00-17 असं इंचात लिहिलेलं असतं, तिथं पण लोडचा नंबर शेवटी असतोच.

दुसरी गोष्ट जाड टायरची. पोरांना मागचं चाक जाड पाहिजे असतं, दिसायला भारी दिसतं हे मान्य. पण स्प्लेंडरला युनिकॉर्नचा मागचा 100/90-18 टाकला तर चाकाची एकूण उंची 617 मिमीवरून 637 वर जाते, दोन सेंटिमीटर वाढली. पिकअप मरतो, एव्हरेज पडतं, चेनकव्हरला नाहीतर मडगार्डला घासायची शक्यता वेगळी. आणि रिम तेवढंच अरुंद राहिल्यामुळं टायर दोन्ही बाजूनं आवळला जातो, मधे टोकदार होतो, म्हणजे जाड टायर घेऊन रस्त्याला टेकणारा भाग वाढेलच असं काही नाही, उलट वळणावर गाडी विचित्र पडते. कंपनीनं दिलेलीच साईझ टाका. फार तर मॅन्युअलमधे दुसरी साईझ दिली असेल तर ती.

मंग तारीख. साईडला एका लंबगोलात चार आकडे असतात, समजा 1425, तर 2025 सालचा 14 वा आठवडा, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीचा माल. हे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतं, नाही दिसलं तर पलटी करून बघा. वर्षाच्या आतला असेल तर छानच, दोन वर्षाच्या वरचा असेल तर मी तरी घेणार नाही, कारण आपल्याकडं तालुक्याच्या ठिकाणी गोडाऊन म्हणजे पत्र्याचं शेड, त्यात तीन उन्हाळे पडून राहिलेल्या टायरचं रबर कडक होतं, नक्षी कितीही नवी दिसली तरी पावसात पकड धरत नाही. सोबत आयएसआय मार्क आणि आयएस 15627 हा नंबर पण बघून घ्या. रिसोल केलेला (जुन्या टायरवर नवीन रबर चढवलेला) टायर मोटरसायकलला नको, कितीही स्वस्त मिळाला तरी नको. ट्रकला मागं दोन-दोन चाकं जोडीनं असतात, एक गेलं तरी दुसरं सांभाळतं, आपल्याकडं पुढं एक अन् मागं एक.

कधी बदलायचा? टायरवर टीडब्ल्यूआय लिहिलेलं किंवा छोटा बाण असतो, त्याच्या सरळ रेषेत खाचेच्या आत रबराचा बारीक उंचवटा असतो, नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. नियमात दुचाकीला कमीत कमी 0.8 मिमी नक्षी लागते, पण टायर गोटा, म्हणजे पार गुळगुळीत, व्हायची वाट बघू नका, जूनच्या आधी दीड-दोन मिमीच राहिली असेल तर पावसाळ्याच्या तोंडावरच बदला. नक्षी शिल्लक असून साईडला बारीक भेगा पडल्या असतील तरी बदला, पाच-सहा वर्ष जुना असेल तरी बदला.

नक्षी कोणती घ्यायची यावर बरेच जण फसतात. शेतात जावं लागतं म्हणून बटन टायर (मोठ्या सुट्या उंचवट्यांच्या नक्षीचा) टाकतात. पण काळ्या मातीचा चिखल कोणत्याच टायरला सोडत नाही, बटनाच्या मधे माती भरली की तो पण गोटाच, आणि मडगार्डखाली गोळा झाला की चाक फिरायचंच बंद होतं. उरलेले दिवस तुम्ही डांबरावर आणि सिमेंटच्या हायवेवर फिरता, तिथं बटन टायर आवाज करतो, लवकर झिजतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की जास्त घसरतो. ऊसतोडीच्या दिवसात कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉल्यांच्या चाकाची माती सांडलेली असते, त्यावर टँकरचं पाणी पडलं की तिथं पुढच्या चाकाची पकड हाच काय तो आधार. म्हणून रोज रोडवर चालणाऱ्या गाडीला रोडचाच टायर, पुढं सरळ लांब खाचा असलेला, मागं तिरप्या खाचा बाहेरपर्यंत गेलेल्या, म्हणजे पाणी बाजूला फेकलं जातं. आणि पुढचा टायर स्वस्तातला घेऊन पैसे वाचवू नका, ब्रेक मारल्यावर जास्त भार पुढंच येतो.

ट्यूबलेसचं म्हणाल तर अलॉय व्हील ट्यूबलेसचं असेल तर ट्यूबलेसच घ्या, वेड्या बाभळीचा काटा घुसला तरी हवा हळूहळू जाते, घरापर्यंत येता येतं. तारांचं चाक असेल तर ट्यूबवालाच टायर आणि त्याच्यासोबत नवीन ट्यूब, जुनी ठिगळं लावलेली ट्यूब नव्या टायरमधे घालू नका. आतल्या रिमटेपचा (तारांची टोकं झाकणाऱ्या पट्टीचा) तुकडा फाटला असेल तर तो पण बदला, नाहीतर तारेचं टोक ट्यूबला घासतंय म्हणून समजा.

कंपनीचं सांगायचं तर एमआरएफ, सीएट, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो, जेके यातलं काहीही चालतं. जास्त टिकणारा टायर म्हणजे कडक रबर, जास्त पकडीचा म्हणजे मऊ रबर, दोन्ही एकदम पूर्ण मिळत नाही, तुमचं फिरणं बघून ठरवा. भाव करताना लक्षात ठेवा, 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय, त्याच्या आधीची एमआरपी दाखवत असतील तर विचारा. पक्कं बिल घ्या, वॉरंटीचं काम पडलं तर तेच लागतं.

बसवताना तिथंच उभं रहा. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण बघा, चाक पुढं जाताना ज्या बाजूला फिरतं तिकडंच तो पाहिजे. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्वजवळ आणायला लावा, तो टायरचा सगळ्यात हलका भाग असतो. टायर चढवताना साबणाचं पाणी लावायला सांगा, नुसती पट्टी घालून ओढाताण केली की टायरचा बीड, म्हणजे रिममधे बसणारी कड, फाटतो. हवा भरल्यावर रिमच्या कडेला टायरवर एक बारीक रेष गोल फिरलेली दिसेल, ती पूर्ण चाकभर रिमपासून सारख्या अंतरावर आहे का ते चाक हळू फिरवत बघा. एका जागी ती आत गेलेली असेल तर तिथं टायर नीट बसलेला नाही, हवा सोडून परत भरायला लावा, नाहीतर गाडी पन्नासच्या वर उडत चालते आणि तुम्ही बेअरिंग बदलत बसता. व्हॉल्व तिरका नको. हवा किती ते अंदाजानं नाही, स्टिकरवर एकट्याची आणि डबलसीटची वेगवेगळी दिलेली असते त्याप्रमाणं.

नवीन टायरवर साच्यातून निघताना आलेला गुळगुळीतपणा असतो, त्यामुळं पहिले 100-150 किमी दमानं चालवा, एकदम ब्रेक नको, वळणावर झुकवू नका. मागचं चाक काढलं असेल तर निघायच्या आधी चेनचा ढिलेपणा, दोन्ही बाजूच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत का, आणि मागचा ब्रेक दाबून तो धरतोय का हे बघूनच किक मारा.