भटक्या मांजराला पाणी पाजायचं तर घासातून पाजा

वाटीभर दूध ठेवलं की मांजराची सोय झाली, हा समज आधी सोडून द्या. पिल्लूपण सरलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. जुलाब होतात आणि अंगात होतं तेवढं पाणीही निघून जातं. एप्रिल-मेच्या उन्हात हे जिवावर बेततं.

मांजर मुळातच पाणी कमी पितं, कारण शिकारीच्या मांसातूनच त्याला बरंचसं पाणी मिळत आलं आहे. चार किलोच्या मांजराला दिवसाला, खाण्यातलं धरून, साधारण २०० ते २४० मिली पाणी लागतं. ड्राय फूडमध्ये (मांजरांसाठीचे पाकिटातले कोरडे दाणे) ते जेमतेम १० टक्के असतं, म्हणजे ६० ग्रॅम खाल्लं तर मिळालं ६ मिली. उरलेलं वाटीतून पिऊन भरून निघेल, या भरवशावर राहू नका. पाऊचमधल्या ओल्या खाण्यात ७५ ते ८० टक्के पाणी असतं, पण ते रोज परवडेलच असं नाही.

म्हणून ड्राय फूड भिजवून घाला. एका वेळेला ३० ग्रॅम खाण्यावर ६० मिली कोमट पाणी ओतून १५ मिनिटं मुरू द्या. अशा दोन वेळा एका मोठ्या मांजराला पुरतात. भिजलेलं बघून तोंड फिरवत असेल तर सुरुवातीला चमचाभरच पाणी घाला आणि हळूहळू वाढवा.

घरचं द्यायचं तर १०० ग्रॅम बिनहाडाचं चिकन दीडशे मिली पाण्यात नुसतं उकडा. मीठ, हळद, आलं-लसूण काही नको. गार झालं की कुस्करा आणि ते पाणी त्यातच राहू द्या. टॉरिन नावाचा घटक मिळाला नाही तर मांजराचे डोळे आणि हृदय बिघडतं, आणि उकडताना तो पाण्यात उतरतो. नुसत्या चिकनवर मात्र महिनोन्‌महिने ठेवू नका, त्यात कॅल्शियम फारच कमी. मुख्य खाणं खास मांजरांचं तयारच हवं. कुत्र्यांचं चालत नाही.

आपल्या जेवणातला उरलेला रस्सा कधीही घालू नका. कांदा-लसूण शिजवलेला असो वा पूड, मांजराच्या तांबड्या रक्तपेशी त्याने फुटतात. मासे आठवड्यातून एक-दोनदा, उकडून आणि काटे काढून. शिजवलेली हाडं टोकदार फुटतात आणि आतडं फाडतात, तीही नकोत.

पाण्यासाठी पसरट आणि जड भांडं घ्या. कुंडीखालची मातीची रुंद थाळी उत्तम. स्टीलची वाटी उन्हात तापते. खाण्यापासून दोन-तीन पावलं दूर, सावलीत, मांजराला चहूकडे नजर ठेवता येईल अशा जागी ठेवा, नाहीतर कुत्र्याच्या धाकाने ते फिरकणार नाही. पाणी रोज बदला आणि थाळीच्या कडा घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. सोसायटीत यावरूनच पहिली तक्रार येते, आणि ती रास्त असते.

खाण्याची वेळ आणि जागा ठरलेली असू द्या. अर्ध्या तासात उरलेलं उचला, भिजलेलं खाणं उन्हात लवकर आंबतं आणि उंदीरही येतात. मुंग्यांसाठी खाण्याची वाटी पाणी भरलेल्या ताटलीत ठेवा.

अंगाला हात लावू देणाऱ्या मांजराची खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडा. सावकाश खाली बसली तर पाणी कमी पडलंय. हिरड्या चिकट, डोळे खोल हीदेखील तीच खूण. अशक्त मांजराच्या तोंडात सिरिंजने पाणी ढकलू नका, ते फुप्फुसात जातं. त्याला डॉक्टरकडून कातडीखाली सलाइन लागतं. तोंड उघडं टाकून धापा टाकत असेल तर सावलीत नेऊन पंजे आणि कान साध्या पाण्याने ओले करा, बर्फ नको, आणि लगेच दवाखाना गाठा. घरातली पॅरासिटामॉल मात्र अजिबात नाही. तुकड्यानेही मांजर मरतं.

बोका सारखा बसून कुंथत असेल आणि लघवी थेंबभरही होत नसेल, तर त्याला बद्धकोष्ठ समजून थांबू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि तसा बोका एक-दोन दिवसांत दगावतो. जाड टॉवेल टाकून, झाकणाच्या टोपलीत घालून त्याच दिवशी न्या.