घरातल्या सगळ्या संगणकांची वेळ एक कशी ठेवावी

मोबाइलवर ‘पार्सल पोचवले’ हा निरोप ११:३५ चा. सीसीटीव्हीच्या चित्रणात मात्र कुरिअरवाला दारात येतो ११:४२ ला! असा घोळ असेल तर पुढचं करून बघा.

१. आधी चूक किती ते पाहा. नेमका साडेपाच तासांचा फरक असेल, तर घड्याळ निर्दोष आहे. टाइमझोन चुकलाय, किंवा एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदतायत. मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तीच यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून वाचतं. संगणक बंद करून चालू केल्यावर तारीख काही वर्षं मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. काही सेकंद-मिनिटांची चूक असेल तर पुढे वाचा. क्वार्ट्झ स्फटिक दिवसाला सेकंद-दोन सेकंद सहज सरकतो.

२. घरात एकाच यंत्राला वडीलधारं करा; बाकीचे वेळ त्यालाच विचारतील. ते सतत चालू राहणारं हवं. जुना रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक; पुढे नुसता ‘पाय’) पुरतो. त्यावर ‘क्रोनी’ हा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम टाका. नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या, १९८५ पासून वापरात असलेल्या एनटीपी या पद्धतीने ते इंटरनेटवरच्या सर्व्हरकडून वेळ घेतं. सर्व्हरची नावं सेटिंगच्या फाइलीत बहुधा आधीच असतात. आपण एकच ओळ वाढवायची: ‘अलाउ’, पुढे घरच्या नेटवर्कचा पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.०/२४. ही ओळ विसरलात तर पाय स्वतः वेळेवर चालेल, पण दुसऱ्या कुणाला वेळ सांगणार नाही. (अर्थात ओळ इंग्रजीत.) मग क्रोनी पुन्हा सुरू करा.

३. राउटरमध्ये पायचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळलंत तर पत्ता बदलेल त्या दिवशी सगळं बिघडेल.

४. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, डेट अँड टाइम, इंटरनेट टाइम, चेंज सेटिंग्ज. तिथे पायचा पत्ता लिहून ‘अपडेट नाऊ’ दाबा. वेळ १५ तासांहून जास्त चुकलेली असेल तर विंडोज ती सुधारायला नकार देतं. तेव्हा तारीख आधी हाताने लावा.

५. डीव्हीआरच्या (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या) एनटीपी सेटिंगमध्ये तोच पत्ता, पोर्ट १२३. मोबाइलला हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी पायवर क्रोनीची ‘ट्रॅकिंग’ ही आज्ञा देऊन बघा. फरक मिलिसेकंदांत दिसला, की डीव्हीआरची वेळ मोबाइलशी ताडून पाहा.