लघुग्रहाचे नाव कसे वाचावे आणि कसे सुचवावे

खगोलशास्त्रीय यादीत ‘(३००१२८) पंडितजसराज’ अशी नोंद आहे. ॲरिझोनातील कॅटालिना आकाश-सर्वेक्षणाने ११ नोव्हेंबर २००६ रोजी शोधलेल्या या लघुग्रहाला मुंबईत दीर्घकाळ राहिलेल्या पंडित जसराजांचे नाव २०१९ मध्ये मिळाले. नोंदीतला आकडाही पाहण्यासारखा आहे. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३० चा; ती तारीख वर्ष, महिना, दिवस अशी उलट मांडली की ३००१२८ हाच क्रमांक येतो. एरवी अनुक्रमांकाला असा अर्थ नसतो. अनेक वर्षांच्या निरीक्षणांतून लघुग्रहाची कक्षा पक्की झाल्याची ती खूण असते, आणि क्रमांक मिळाल्याखेरीज नावाचा विचार होत नाही.

क्रमांकाच्या आधी तात्पुरती खूण असते आणि ती वाचायला शिकणे सोपे आहे. या लघुग्रहाची खूण ‘२००६ व्हीपी३२’ अशी होती. २००६ हे शोधाचे वर्ष. पहिले रोमन अक्षर पंधरवडा सांगते: जानेवारीचा पहिला पंधरवडा ‘ए’, दुसरा ‘बी’, याप्रमाणे पुढे जावे, मात्र आकड्यातील एकशी गल्लत होऊ नये म्हणून ‘आय’ गाळावा. या हिशेबाने ‘व्ही’ म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. दुसरे अक्षर त्या पंधरवड्यातील क्रम सांगते. ‘आय’ वगळता पंचवीसच अक्षरे उरत असल्याने ती संपली की पुन्हा ‘ए’पासून सुरुवात होते आणि किती फेऱ्या झाल्या ते शेवटच्या आकड्यात लिहितात. बत्तीस फेऱ्यांचे ८०० आणि ‘पी’ पंधरावे अक्षर, म्हणून ही त्या पंधरवड्यातील ८१५ वी नोंद. कागदावर एकदा हे गणित करून पाहिले की पुढे कोणतीही खूण अडत नाही.

नावाचा अर्थ लावताना लघुग्रह कुठे फिरतो हे आधी पाहावे. पृथ्वीजवळ येणाऱ्यांना पुराणकथांतील नावे देण्याची प्रथा आहे. ४०३४ विष्णू हा त्यांपैकीच एक. नेपच्यूनपलीकडच्या २०००० वरुणाला वैदिक देवतेचे नाव आहे. गुरूच्या कक्षेत त्याच्या पुढे आणि मागे चालणाऱ्या दोन समूहांना ट्रॉयच्या युद्धातील ग्रीक व ट्रोजन योद्ध्यांची नावे देतात. ही वाटणी ठरण्यापूर्वीच नावे पडल्यामुळे ट्रॉयचा हेक्टर ग्रीकांच्या छावणीत आणि ग्रीकांचा पॅट्रोक्लस ट्रॉयच्या छावणीत राहिला आहे. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यात मात्र गणिती, गायक, गावे, नद्या अशा सर्वांना जागा आहे.

नाव सुचवण्याचा हक्क प्रथम शोधकर्त्याचा असतो आणि क्रमांक मिळाल्यापासून दहा वर्षे तो टिकतो. प्रस्तावित नाव रोमन लिपीत सोळा अक्षरांपेक्षा मोठे नसावे आणि शक्यतो एकच शब्द असावा, म्हणूनच पंडितजींचे नाव आणि उपाधी जोडून लिहिली आहे. त्याची बारा अक्षरे होतात. उच्चार करता यावा, आधीच्या नावाशी फार साम्य नसावे आणि ते कोणालाही अपमानास्पद वाटू नये. व्यापारी नावे चालत नाहीत, पाळीव प्राण्यांची नावे टाळावीत असे सांगितले जाते. मुख्यतः राजकीय किंवा लष्करी कार्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीच्या निधनाला शंभर वर्षे झालेली असावी लागतात. लोकमान्य टिळकांच्या बाबतीत ही मुदत २०२० मध्ये पूर्ण झाली. हा नियम मला फार योग्य वाटतो, कारण त्यामुळे सत्तेच्या लाटेवर कोणाचे नाव आकाशात जात नाही.

प्रस्तावासोबत नावामागचे कारण सांगणारा छोटा मजकूर द्यावा लागतो. तो काळजीपूर्वक लिहावा, कारण नावाचा अर्थ पुढच्या वाचकांना त्यातूनच कळतो. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती प्रस्ताव तपासते आणि तिच्या पत्रिकेत छापून आल्यावरच नाव अधिकृत ठरते. संघ नावे विकत नाही. त्यामुळे पैसे घेऊन कोणी प्रमाणपत्र देऊ लागल्यास ते घेऊ नये.

स्वतः शोध लावायचा असेल, तर विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शोधमोहिमांत भाग घेता येतो. हवाईतील पॅन-स्टार्स दुर्बिणीने टिपलेल्या प्रतिमा संगणकावर एकामागून एक पाहून त्यांत सरकणारा ठिपका हेरायचा असतो. तो ठिपका खरोखर नवा ठरला, तरी क्रमांक मिळेपर्यंत अनेक वर्षे वाट पाहण्याची तयारी ठेवावी.