बाळाची कार सीट बसवताय? या चुका टाळा

आमची मुलगी दोन महिन्यांची असताना आम्ही पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. कार सीट दुकानातल्या माणसानेच गाडीत बसवून दिली होती, त्यामुळे मी निर्धास्त होते. खंबाटकी घाटातल्या एका वळणावर सीट बाळासकट दाराकडे कलली. गाडी बाजूला घेऊन पाहिलं, तर बेल्ट भलत्याच खाचेतून ओवलेला. तिला काही झालं नाही, पण माझे हातपाय गार पडले होते. तेव्हापासून कुणाच्याही गाडीत कार सीट दिसली की मी आधी ती हलवून बघते.

तुम्हीही आज बघा. गाडीचा बेल्ट किंवा आयसोफिक्सची (म्हणजे बेल्टशिवाय, गाडीतल्या लोखंडी कड्यांना सीट थेट अडकवायची) जोडणी जिथून जाते तिथेच सीट धरा आणि एका हाताने डावी-उजवीकडे, पुढे-मागे हलवा. एक इंचापेक्षा जास्त सरकली तर ती नीट बसलेली नाही. मागे तोंड असलेली सीट डोक्याच्या बाजूला थोडी हलतेच, त्यामुळे वरचं टोक धरून तपासू नका.

बेल्ट चुकीच्या खाचेतून ओवणं

आमच्याकडे झाली ती हीच चूक. बऱ्याचदा एकच सीट मागे तोंड करूनही वापरता येते आणि पुढे तोंड करूनही, पण दोन्हींसाठी बेल्टचे मार्ग वेगळे असतात. युरोपियन मानकाच्या सीटवर मागे तोंडाचा मार्ग निळ्या रंगाने आणि पुढे तोंडाचा लाल रंगाने दाखवलेला असतो. ओवून झालं की सीटवर गुडघा रोवून अंगाचा भार द्या आणि खांद्याकडचा पट्टा खेचून ढील काढा. नुसत्या हाताच्या जोराने ती निघत नाही.

अमेरिकेहून आलेली सीट तशीच वापरणं

बहीण, नणंद परत येताना सीट घेऊन येते, आणि सीट चांगलीच असते. अडचण आपल्या गाडीच्या बेल्टची असते. तिकडच्या गाड्यांत मागचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढला की लॉक होतो आणि मग फक्त आत जातो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत बेल्ट असा लॉक होत नाही. तो फक्त जोरात हिसका बसला की अडकतो. म्हणजे घट्ट बसवलेली सीट चार खड्ड्यांनंतर सैल. तुमचा बेल्ट पूर्ण ओढून हळूहळू आत सोडा आणि मध्येच पुन्हा ओढून पाहा. तो बाहेर आला, तर सीटला स्वतःचा लॉक-ऑफ, म्हणजे बेल्ट घट्ट पकडून ठेवणारा चिमटा हवा, नाहीतर मॅन्युअलमध्ये दाखवलेली लॉकिंग क्लिप लावायला हवी. या सीटवर छातीशीही एक क्लिप असते. ती बाळाच्या काखेच्या रेषेत यायला हवी, पोटावर नको.

'टक' वाजलं म्हणजे झालं, असं समजणं

आयसोफिक्समध्ये दोन्ही बाजूंच्या खुणा हिरव्या झाल्या पाहिजेत. एकच झाली तर काढून पुन्हा बसवा. त्यानंतर वरचा टेदर पट्टा (सीटचं वरचं टोक मागे गाडीला बांधणारा) किंवा खालचा आधाराचा पाय, सीटला जे दिलं असेल ते लावायचंच. टेदर बरेच जण डिकीतल्या सामानाच्या हुकाला अडकवतात. तो हूक पिशवीसाठी असतो, झटका बसला की उपटून येईल. टेदरच्या जागेवर जहाजाच्या नांगराचं चिन्ह असतं. आणि आधाराच्या पायाखाली गाडीच्या जमिनीतला सामानाचा कप्पा येत नाही ना, तेही बघा. पोकळ झाकणावर तो पाय टेकवून उपयोग नाही.

दुपट्यात गुंडाळून बसवणं

बाळंतिणीला घरी नेताना हे हमखास होतं. गुंडाळलेल्या बाळाच्या पायांमधून पट्टा जाऊच शकत नाही. जाड स्वेटरवरून पट्टे आवळले तर धक्क्यात लोकर दबते आणि पट्टे सैल पडतात. आधी साध्या झबल्यावर पट्टे लावा, मग वरून दुपटं पांघरा. खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून पाहा. चिमटीत घडी आली तर आणखी आवळा. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा जरा खालून यावेत, पुढे तोंड असताना रेषेत किंवा जरा वरून.

पुढे तोंड करण्याची घाई

"पाय दुमडतात गं तिचे," हे आजी म्हणणारच. पाय दुमडले तरी चालतं. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि जड असतं, मान कोवळी असते. समोरून धडक बसली की मागे तोंड असलेल्या बाळाची पाठ, मान, डोकं सगळं सीट पेलते. कार सीटसाठीच्या आर-१२९ या युरोपियन मानकानुसार १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे. सीटची मर्यादा त्यापुढेही पुरत असेल तर मी म्हणेन, तसंच ठेवा. अशी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मात्र कधीही नको.

"मांडीवर घेते ना मी"

यावर घरात वाद होतात, म्हणून हिशोबच मांडते. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर ८ किलोच्या बाळाचा भार हातांवर शंभर किलोच्या वर येतो. कोणत्याही आईला, आजीला तो धरून ठेवता येणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-बनुसार १४ वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा कार सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे.

बसवून झालं की मॅन्युअल दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या आणि तपासायला सांगा. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांना प्रमाणित टेक्निशियनकडून अनेक ठिकाणी हे फुकट तपासून मिळतं. ते सीट तुमच्याच हातून बसवून घेतात, म्हणून ज्याला रोज गाडी चालवायची आहे त्याने जावं.

वापरलेली सीट घ्यायची असेल तर ती अपघातातून गेलेली नाही याची खात्री देणाऱ्या ओळखीच्या माणसाकडूनच घ्या, आणि मुदतीची तारीख तपासा. जोराच्या अपघातातून गेलेली सीट बाहेरून धड दिसली तरी पुन्हा वापरू नका. टाकून देताना पट्टे कात्रीने कापा, म्हणजे भंगारातून ती दुसऱ्या बाळाच्या गाडीत जाणार नाही.