लेथवर पहिला वाडगा कातताना

लेथवर, म्हणजे लाकूड फिरते ठेवून हत्याराने कातायच्या यंत्रावर, पहिला वाडगा कातणाऱ्याची नजर साहजिकच हत्याराच्या धारेवर खिळलेली असते. पण काम बिघडते ते बहुधा धारेमागच्या घासलेल्या उताराकडे, म्हणजे तिच्या पाठीकडे, दुर्लक्ष झाल्यामुळे. त्या पाठीविषयी पुढे सविस्तर लिहितो, आधी लाकडाविषयी.

पहिल्या प्रयत्नासाठी सुमारे १५ सेंटीमीटर व्यासाचा, ५ ते ६ सेंटीमीटर जाडीचा, पुरता वाळलेला आणि गाठ किंवा भेग नसलेला ठोकळा निवडावा व त्याचे कोपरे करवतीने आधीच उडवून घ्यावेत. जी बाजू पुढे वाडग्याचे तोंड होणार आहे तिच्यावर फेसप्लेट, म्हणजे ठोकळा लेथला जोडणारी धातूची चकती, स्क्रूने घट्ट बसवावी. स्क्रूची भोके नंतर कोरून जाणाऱ्या भागातच राहतात. वेगासाठी एक जुना हिशेब उपयोगी पडतो: इंचांतला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे हा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान असावा. सहा इंचांच्या ठोकळ्याला यावरून १००० ते १५०० फेरे येतात, तरी ठोकळा गोल होईपर्यंत ५०० ते ६०० वरच थांबणे शहाणपणाचे. लेथ सुरू करण्यापूर्वी ठोकळा हाताने एकदा पूर्ण फिरवून तो टूल रेस्टला, म्हणजे हत्यार टेकवायच्या पट्टीला, कुठे लागत नाही ना हे पाहावे, आणि रेस्ट सरकवायची असेल तेव्हा दर वेळी लेथ बंद करावा. चेहरा पूर्ण झाकणारी काच व धुळीसाठी मास्क हवाच; हातमोजे, सैल बाह्या आणि मोकळे केस मात्र लेथजवळ अजिबात नकोत.

वाडग्याच्या ठोकळ्यात लाकडाचे तंतू आडवे असतात, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात हत्याराला दोनदा तंतूंची बाजू आणि दोनदा त्यांची कापलेली टोके भेटतात. म्हणूनच बाहेरचा आकार बुडाकडून काठाकडे आणि आतला काठाकडून मध्याकडे कातावा. या दिशेने गेल्यास कापल्या जाणाऱ्या तंतूंना खालच्या लांब तंतूंचा आधार मिळतो. उलट गेल्यास ते उपटले जातात आणि पॉलिश पेपरनेही सहजी न जाणारे खडबडीत पट्टे राहतात.

आता पाठीकडे वळू. बाऊल गाऊज, म्हणजे खोल खाचेचे कातण्याचे हत्यार, आधी रेस्टवर टेकवावे, मग धारेमागची पाठ फिरत्या लाकडावर नुसती घासू द्यावी, आणि त्यानंतरच मूठ हळूहळू उचलत धार लाकडाला भिडवावी. पाठ टेकलेली असेपर्यंत ती धारेला किती खोल जायचे याची मर्यादा घालून देते. पाठ सुटून धारेचा निराधार कोपरा लाकडात गेला, की लाकूडच त्याला आणखी आत ओढते आणि हत्यार हिसक्याने अडकते. हा धोका सर्वांत जास्त असतो तो आतून कोरताना काठावर प्रवेश करण्याच्या क्षणी, कारण पाठ टेकवायला तिथे अजून जागाच तयार झालेली नसते. अशा वेळी खाच आडवी, वाडग्याच्या मध्याकडे तोंड करून धरावी, दोनतीन मिलिमीटरची पायरी सावकाश पाडावी, आणि त्या पायरीवर पाठ स्थिरावली की मगच खाच किंचित वर वळवावी. हत्यार दाबण्याचा मोह होत असेल, तर धार बोथट झाली आहे असे समजून ती पुन्हा लावून घ्यावी.

बाहेरचा आकार झाला, की बुडाशी चकच्या, म्हणजे लाकूड पकडणाऱ्या लेथच्या भागाच्या, जबड्यांत बसेल अशी ५ ते ६ मिलिमीटर उंचीची गोल बैठक कातावी. चकमध्ये बैठकीचा तळ टेकू नये. तिच्याभोवतालचा सपाट खांदा जबड्यांवर टेकावा, तरच पकड खरी घट्ट होते. मग ठोकळा उलटा करून आतून कोरायला घ्यावे. आधी काठाजवळची भिंत ८ ते १० मिलिमीटरपर्यंत पूर्ण करून मगच खाली उतरावे, कारण मधले लाकूड गेल्यावर काठ लवू लागतो आणि तिथे परत जाणे अवघड होते. खोली अंदाजावर सोडू नये. माझ्या पहिल्या वाडग्यात मी बैठकीची उंची तळाच्या जाडीत धरली होती, आणि शेवटी बैठक कातून काढताना तळाला भोक पडले. खोली मोजायची ती बैठक वगळून.

घासताना टूल रेस्ट काढून ठेवावी, वेग कमी करावा आणि १२०, १८०, २४०, ३२० अशा क्रमाने पॉलिश पेपर वापरावा. आधीच्या कागदाचे ओरखडे पुरते गेल्याशिवाय पुढचा घेऊ नये. कागद असा धरावा, की फिरते लाकूड तो हाताकडे न ढकलता हातापासून दूर ओढेल. त्यानंतर वाडग्याचे तोंड लाकडी चकतीवर टेकवून, टेलस्टॉकने, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाकडच्या सरकत्या आधाराने, दाबून बैठक कातून काढावी. मध्ये उरलेला छोटा खुंट पटाशीने तासून घासावा आणि लेथ बंद असताना जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. तेलाने भिजलेले फडके मात्र चुरगाळून ठेवू नये, कारण वाळताना ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. ते मोकळ्या हवेत पसरून वाळवावे.